दुखऱ्या पायाशेजारचा पाय

बसा. जमिनीवर सतरंजी टाका, भिंतीला पाठ टेका आणि दोन्ही पाय समोर सरळ सोडा. खाली बसवत नसेल तर दिवाणावर बसा, फक्त पाय लांब करता आले पाहिजेत. पायजमा, साडी, सलवार, जे असेल ते गुडघ्याच्या वर सरकवा, आणि दोन्ही पायांवर सरकवा. दुखतोय एकच, म्हणून एकच उघडा करण्याची आपल्याला सवय असते. आज दुसऱ्याचं काम जास्त आहे.

तेलाची वाटी आणून ठेवली असेल तर ती हाताच्या अंतरापलीकडे सरकवा. पोटरी दुखायला लागली की आपल्या घरांत पहिला हात तेलाकडे जातो आणि दुसरा पाय रगडून देणाऱ्या नातवाकडे. दोन्ही हात जरा वेळ मांडीवर राहू द्या. चोळायचं की नाही, हे आपण शेवटी ठरवू.

त्याआधी एक अट. दुखण्याबरोबर धाप लागत असेल, छातीत कळ येत असेल, श्वास आत घेताना टोचत असेल, खोकल्यातून रक्त पडलं असेल, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, किंवा पाय एकाएकी गार, पांढराफटक आणि बधिर पडला असेल, तर हे मनन-बिनन राहू द्या. १०८ ला फोन लावा, नाहीतर शेजाऱ्याची गाडी काढायला सांगा. खालचं सगळं ज्यांच्याकडे निवांत अर्धा तास आहे त्यांच्यासाठी आहे.

असेल, तर बघायला लागा. नुसतं बघा, हात लावू नका.

आधी चांगला पाय. पोटरीचा फुगवटा आतल्या बाजूला जरा खालपर्यंत उतरतो, बाहेरच्या बाजूला थोडा वर संपतो. कातडीच्या लगेच खाली दोन तोंडांचा एक मोठा स्नायू आहे. तो गुडघ्याच्याही वरून, मांडीच्या हाडापासून निघतो. त्याच्याखाली एक रुंद, चपटा स्नायू दडलेला आहे. दोघं खाली येऊन एका जाड दोरीत मिळतात आणि ती दोरी, आपली घोडशीर, टाचेच्या हाडाला घट्ट बसते. या दोन स्नायूंच्या मधून आणि खालून रोहिणी जाते, नीला परत येते, मज्जातंतू उतरतो. वीतभर जागेत इतकी गर्दी आहे, की ‘पोटरी दुखते’ या वाक्यातून यातलं नेमकं कोण दुखतंय ते कळतच नाही.

आता नजर दुखऱ्या पायावर न्या. सावकाश. घाई केलीत तर तुम्हाला तुमची भीतीच दिसेल. कातडीचा रंग दोन्हीकडे सारखा आहे का? एकीकडे लालसर, ताणलेली, चकचकीत दिसते का? एखादी निळी शीर आजवर नव्हती आणि आता वर आलीय का? नडगीवरचे केस एका पायावर विरळ झालेत का? घोट्याची खोबण दोन्हीकडे तितकीच खोल आहे का? मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ एकाच पायावर जास्त रुतलाय का?

शिवणाच्या डब्यात टेप असते, ती मागवा. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर एक लहानसं टेंगूळ हाताला लागतं. तिथून बरोबर १० सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा, दोन्ही पायांवर. त्या खुणेवरून टेप फिरवा, आवळू नका, नुसती टेकू द्या. आकडे लिहून ठेवा. सेंटिमीटरभराचा फरक पुष्कळांच्या पायांत असतो. पण दुखरी पोटरी तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, तर डॉक्टर ती गोष्ट गंभीरपणे घेतात. कॅनडातले फिलिप वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पायातल्या खोल शिरेत गुठळी असण्याचा अंदाज बांधायला एक गुणपत्रिका तयार केली, आजही जगभर तीच वापरतात. पोटरीचा असा फरक म्हणजे तिच्यात एक गुण. एकाच पायाच्या सुजेवर बोट दाबून खळगा पडला, आणखी एक. अलीकडे मोठं ऑपरेशन झालंय, पायाला प्लास्टर आहे, कॅन्सरचे उपचार चालू आहेत, असे एकेक गुण वाढत जातात. मला त्या पत्रिकेतली शेवटची ओळ फार आवडते: दुखण्याचं दुसरं एखादं कारण तितकंच पटण्यासारखं असेल, तर दोन गुण वजा. डॉक्टरने आपल्या पहिल्या शंकेवर लगेच विश्वास टाकू नये, याची सोय कागदावरच करून ठेवली आहे. आपणही तेवढं करू शकतो. मात्र टेपचा आकडा कमी आला म्हणून गुठळी नाहीच असं समजू नका.

आणि दोन्ही पाय सारखेच सुजलेले निघाले, तर प्रश्न पोटरीचा राहत नाही. हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड, रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांची ती वाट आहे. आज तिकडे वळत नाही.

टेप गुंडाळून ठेवा. हवं तर डोळे मिटा. दुखणं कुठे आहे हे बघून झालं. आता ते केव्हा येतं, हे आठवायचंय. माझ्या मते पोटरीच्या बाबतीत जागेपेक्षा वेळ जास्त खरं सांगते.

पहिली वेळ आठवा. तो क्षण अगदी बोट ठेवून दाखवता येतो का? रविवारचा बॉक्स क्रिकेटचा डाव, पंचेचाळिशीचा फलंदाज, चोरटी धाव, आणि मधेच पोटरीत सट्‌कन काहीतरी तुटल्यासारखं होतं. माणूस मागे वळून बघतो, कारण त्याला खात्री असते की कुणीतरी दगड मारला. मागे कुणी नसतं. त्या दोन तोंडांच्या स्नायूच्या आतल्या भागाचे धागे तुटलेले असतात. १८८३ साली हे लॉन टेनिस खेळणाऱ्यांच्या बाबतीत लिहिलं गेलं, म्हणून नाव पडलं ‘टेनिस लेग’. बस पकडायला धावणाऱ्यालाही तेच होतं. दोन-तीन दिवसांनी घोट्याजवळ काळंनिळं उतरतं आणि लोक घाबरतात, पण ते वरून झिरपलेलं रक्त असतं. विश्रांती, बर्फ, पट्टी, आणि मग हळूहळू ताण, याने हे बरं होतं. घोडशीरच तुटली असेल तर गोष्ट वेगळी. पालथं झोपून पावलं पलंगाबाहेर काढायची आणि कुणीतरी पोटरी हळूच दाबायची. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप हलतं, तुटली असेल तर ढिम्म राहतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक गोळ्या नुकत्याच घेतल्या असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्या गोळ्यांनी ही शीर दुखरी होते, क्वचित तुटतेही.

तसा क्षण नसेल, पण मध्यरात्र असेल? पोटरीत वांब येतो, गोळा दगडासारखा घट्ट होतो, माणूस अंथरुणात उठून बसतो. पावलाची बोटं हाताने धरून अंगाकडे ओढली की दोन-चार मिनिटांत सुटतो, सकाळी नुसता ठणका उरतो. गरोदरपणात, वय झाल्यावर, दिवसभर उभं राहिल्यावर हा पाहुणा हमखास येतो. यावर केळी खा म्हणून सगळेच सांगतात. खा, केळ्याने बिघडत काही नाही, पण वांब त्याने थांबतो याला फारसा आधार नाही. पूर्वी यासाठी क्विनीन द्यायचे. रक्तावर आणि हृदयावर त्याचे दुष्परिणाम दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कामासाठी ते देऊ नका असं बजावलं. वांबाची मुख्य खूण ही, की तो येतो आणि जातो. आला आणि चार दिवस मुक्काम ठोकून बसला, तर तो वांब नव्हे.

तो मुक्काम ठोकणारा कोण, इथे जरा रेंगाळू.

चांगल्या पायाचं पाऊल हलवा. बोटं अंगाकडे ओढा, मग पुढे ढकला. पुन्हा. पोटरी आवळते, सैल होते. रक्त हृदयाकडून पायात उतरतं ते धक्क्याने. परत वर चढताना तो धक्का जवळजवळ संपलेला असतो आणि चढण मात्र चार फुटांची असते. उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरेत सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालायला लागलं की काही पावलांतच तो ३० च्या आसपास येतो, कारण प्रत्येक पावलाला पोटरी आवळून शिरेतलं रक्त वर ढकलते आणि शिरेतल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. या झडपा पादुआच्या फाब्रिसियसने १६०३ मध्ये चित्रं काढून छापल्या, पण त्या कशासाठी आहेत हे त्याला नीट उमगलं नाही. ते त्याच्या विद्यार्थ्याने, विल्यम हार्वेने, १६२८ मध्ये दंडाला पट्टी बांधून आणि बोटाने शीर दाबून दाखवलं. उपकरण असं काही लागलंच नाही.

पोटरी हलली नाही तर काय होतं? त्या खालच्या चपट्या स्नायूत शिरांचे लहान लहान कप्पे आहेत, तिथे रक्त रेंगाळतं. रेंगाळलेलं रक्त गोठू शकतं. साचणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा, आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल, ही तीन कारणं रुडॉल्फ फिर्को यांच्या नावाने ओळखली जातात. १८५६ मध्ये छापलेलं त्यांचं काम त्यामागे आहे. पोटरीतली गुठळी वर सरकत गेली आणि तिचा तुकडा सुटला, तर तो हृदयातून जाऊन फुप्फुसात अडकतो. सुरुवातीची अट त्यासाठी होती. तेलाची वाटी दूर ठेवायला सांगितली तीही यासाठीच. सुजलेली एकच पोटरी रगडली, तर सैल गुठळी जागची हलण्याची भीती असते.

नुसतं बसून असं होतं, हे लोकांना फार भयानक रीतीने कळलं. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते आणि माणसं रात्र-रात्र आसऱ्याच्या जागी कापडी आरामखुर्च्यांत बसून झोपत होती. कीथ सिम्पसन या शवचिकित्सकाच्या लक्षात आलं, की फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांपेक्षा सहापट झालेत. खुर्चीची पुढची लाकडी दांडी मांडीच्या मागे रुतत होती, पाय लोंबत होते. मग आडवं होऊन झोपता येईल अशा बाकांची सोय होत गेली. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेतले शल्यविशारद जॉन होमन्स यांनी बराच वेळ बसून राहिल्याने गुठळी झालेल्या लोकांबद्दल लिहिलं. कुणी विमानातून आलेला, कुणी मोटारीतून, आणि एक जण तर नाटक बघून. आपल्याकडे संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालायची तेव्हा प्रेक्षकांच्या पोटऱ्यांचं काय होत असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण वन्स मोअरसाठी उठणारे, चहाला बाहेर जाणारे आपले लोक, बहुधा वाचले असतील.

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. मुलगी न्यू जर्सीत, दिवस भरत आलेले. आई मुंबईहून निघालीय, पंधरा-सोळा तासांचं विमान, मधली सीट, शेजाऱ्याला उठवायचा संकोच, आणि बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी न पिण्याचा निश्चय. चार तासांवरच्या प्रवासानंतर गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. त्याच अहवालात हेही होतं, की तरीही सहा हजारांत एखाद्यालाच ती होते. म्हणजे घाबरायचं नाही, तासाभराने उठायचं, पाऊल हलवायचं, पाणी प्यायचं. आईची काळजी एवढी पुरे.

तिच्यापेक्षा जास्त काळजी लेकीची. गरोदरपणात रक्ताचा गोठण्याकडे कल वाढतो. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून शरीराने केलेली ती तयारी असते. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे हा धोका सर्वांत जास्त असतो. आपला सव्वा महिना जवळजवळ तोच काळ. बाळंतिणीने उठायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, शेक-शेगडी घ्यायची, आणि मालीश करणारी बाई रोज येऊन अंग रगडणार. मालिशीला माझा विरोध नाही. बाळंतिणीला कुणी तासभर हात लावतं, तिची विचारपूस करतं, याची किंमत मला कळते. पण त्या बाईला एवढं सांगून ठेवायला हवं: एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसला, जड झाला असं बाळंतीण म्हणाली, तर त्या दिवशी त्या पायाला हात लावायचा नाही. आणि बहुतेक वेळा तो डावा असतो. पोटात खाली, उजव्या पायाकडे जाणारी रोहिणी डाव्या पायाकडून येणाऱ्या नीलेला ओलांडून जाते आणि तिला मणक्यावर दाबते. वाढलेल्या गर्भाशयाची त्यात भर पडते. गरोदर बाईच्या ‘डावी पोटरी दुखतेय’ या तक्रारीला ‘दिवस भरलेत, दुखणारच’ हे उत्तर म्हणूनच चालत नाही.

गुठळीच्याच संदर्भात हार्मोनच्या गोळ्यांबद्दलही बायकांनी स्वतःला एकदा विचारावं. गर्भनिरोधक गोळ्या आपल्याला आठवतात; गौरी-गणपतीत, लग्नघरात, देवदर्शनाला निघताना पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या औषधांत धरायचं मात्र राहून जातं. पोटरी दुखत असेल तर त्याही सांगायच्या.

गुठळीची शंका आली तर तपासणी सोपी आहे, डॉपलर सोनोग्राफी. थंड जेली, काळोखी खोली, आणि डॉपलर करणारे डॉक्टर त्यांचं यंत्र मांडीपासून पोटरीपर्यंत इंचाइंचाने दाबत जातात. पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसतात, रोहिणी आणि नीला. दाबलं की निरोगी नीला मिटते, वर्तुळ नाहीसं होतं. गुठळी असेल तर मिटत नाही. सापडलीच, तर रक्त पातळ करणारी औषधं निदान तीन महिने द्यावी लागतात. ती गुठळीला वाढू देत नाहीत, विरघळवण्याचं काम शरीर आपलं आपण करतं.

इथे थांबा. दोन-तीन श्वास जाऊ द्या. आणखी एका वेळेकडे वळायचंय, आणि तिथला सल्ला याच्या अगदी उलटा आहे.

बसल्या-बसल्या पोटरी गप्प असते, चालायला लागलं की बोलते, असं आहे का? तुमची रोजची वाट मनात चाला. दारातून बाहेर, डेअरी, मारुतीचं देऊळ, मग तो चढ. पोटरी नेमकी कुठे भरून येते? तीच जागा काल होती का, परवा होती का? रोहिणी आतून अरुंद झालेल्या माणसाचं दुखणं अंतराशी बांधलेलं असतं. सपाटीवर तीनशे पावलं, तर चढावर दीडशे. थांबलं, की दोन-पाच मिनिटांत कळ जाते. बसायलाही लागत नाही, नुसतं उभं राहिलं तरी पुरतं. पुन्हा निघालं, पुन्हा तेवढ्याच अंतरावर. अशी माणसं टपरीपाशी थांबून वर्तमानपत्राचे मथळे वाचतात, न वाजलेला फोन काढून बघतात. घरच्यांना पत्ता नसतो. वयाने होतं, असं तेही धरून चालतात.

ही गोष्ट आधी घोड्यात ओळखली गेली. फ्रान्समध्ये १८३१ साली बूले नावाच्या पशुवैद्याने गाडीच्या घोडीबद्दल लिहिलं. ती चालताना लंगडायची, विसावली की ठीक व्हायची, आणि तिच्या मागच्या पायाच्या रोहिण्या तुंबलेल्या निघाल्या. माणसाच्या बाबतीत हे शार्को यांनी १८५८ मध्ये मांडलं. अडथळा बहुधा मांडीत असतो आणि दुखतं त्याच्या खाली, पोटरीत, कारण चालताना जास्त रक्त मागते ती पोटरीच.

कारणं आपल्या घरातलीच: मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आणि तंबाखू. तंबाखूचा तर स्वतःचा असा वेगळा आजारही आहे. न्यू यॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये, कापाव्या लागलेल्या पायांच्या रक्तवाहिन्या तपासून, तो सविस्तर मांडला. तिशी-चाळिशीतला बिडी ओढणारा माणूस, पाऊल आणि पोटरी दुखते, बोटांची टोकं काळी पडतात. आपल्या देशात हा आजार अजून दिसतो. तंबाखू पूर्ण सुटली तर पाय बहुधा वाचतो. ‘कमी केली’ याला इथे अर्थ नाही. मधुमेह्याची अडचण निराळी. मज्जातंतू बोथट झाल्याने त्याला पुष्कळदा ही कळ कळतच नाही, आणि पहिली बातमी अंगठ्यावरच्या न भरणाऱ्या जखमेकडून येते.

तपासायला घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून बघतात. भागाकार ०.९ किंवा त्याहून कमी आला, तर पायाची रोहिणी अरुंद झाली असं धरतात. मग हृदयाचीही चौकशी करावी लागते, कारण पायात जे साचलंय ते फक्त पायातच साचलं असेल असं मानायला काही आधार नाही. आणि उपचार? औषधं आहेत, लागलं तर फुगा घालून रोहिणी मोठी करतात, पण पहिला उपचार चालण्याचाच. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की परत निघायचं. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा तरी, निदान तीन महिने. अंतर वाढत जातं. तीच पोटरी, तीच जागा. एका दुखण्यात रगडू नका म्हणून बजावायचं, दुसऱ्यात दुखलं तरी चाला म्हणून पाठीला लागायचं. शेजारणीला ज्याने बरं वाटलं ते आपल्याला का लावू नये, याचं उत्तर मला इथे मिळतं.

चालताना दुखतं पण नुसतं थांबून जात नाही, बसावं लागतं, वाकलं की बरं वाटतं, सायकलवर काहीच होत नाही, असं असेल तर संशय कमरेच्या मणक्यावर घ्या. तिथली जागा अरुंद होऊन मज्जातंतू आवळले जातात. आणि कळ जर कुल्ल्यापासून सळसळत पोटरीतून करंगळीच्या बाजूला जात असेल, शिंकलं-खोकलं की चमक मारत असेल, मुंग्या येत असतील, तर ती सायटिका. भिंतीला हात लावून नुसत्या दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभं राहून बघा. चांगल्या पायावर जमतं आणि यावर टाच उचलतच नाही, तर दाखवायला वेळ लावू नका. ‘मणक्यात गॅप आलाय’ एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. ज्यांना काहीही दुखत नाही अशांच्या एमआरआयमध्येही गादी सरकलेली दिसते.

गुडघा आधीपासून दुखत असेल तर हात गुडघ्याच्या मागच्या खोबणीत न्या. तिथे मऊ गाठ लागते का? सांध्यातलं पाणी मागे साठून ती होते. मॉरंट बेकर यांनी १८७७ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. ती फुटली, तर पाणी पोटरीत उतरतं आणि पाय हुबेहूब गुठळीसारखा सुजतो; डॉपलरशिवाय फरक सांगणं डॉक्टरांनाही कठीण जातं. कातडी लाल, गरम, अंगात ताप, बोटांच्या बेचक्यात चीर किंवा चिखल्या, तर जंतुसंसर्ग. संध्याकाळी जड होणाऱ्या, सकाळी हलक्या होणाऱ्या पोटऱ्या आणि वेड्यावाकड्या फुगलेल्या शिरा, हे कंडक्टर, शिक्षक, न्हावी, वाहतूक पोलीस यांचं नेहमीचं.

हे सगळं नसेल तर मग दिवस आठवा, सकाळपासून. एका पायाला जास्त काम कुठे पडतं? पुण्या-मुंबईच्या कोंडीत दोन तास क्लच दाबणारा पाय डावाच असतो. मोटारसायकलचा गिअरही डाव्याच पायाने. शिवणयंत्राच्या पायट्यावर पुढे राहणारं पाऊल, ओट्याशी उभं राहताना ज्या पायावर भार टाकायची सवय आहे तो पाय, चपलेची एकाच बाजूने झिजलेली टाच. चपला उलट्या करून बघा, आत्ताच बघा. याला रग म्हणतात. दोन-तीन दिवस विसावा मिळाला की उतरते, आणि तेलाची वाटी जवळ घ्यायची ती या रगेसाठी.

डॉक्टरांकडे जायचं ठरलं तर थेट हाडांच्या दवाखान्यात नंबर लावण्याआधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. पोटरीत दुखणाऱ्या गोष्टींत हाड क्वचितच असतं. शीर, रोहिणी, मज्जातंतू, स्नायू, यांतलं कोण ते ठरलं की कुणाकडे जायचं ते तेच सांगतील. दोन्ही पोटऱ्यांचे आकडे, दुखण्याची वेळ, अलीकडचा प्रवास, ऑपरेशन, सगळ्या गोळ्या, एका चिठ्ठीवर लिहून न्या. मोजे आधीच काढून ठेवा, कारण पावलाच्या नाड्या त्यांना हाताने बघायच्या असतात. तुम्हीही बघून ठेवा. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या रेषेत घोट्याच्या दिशेने दोन बोटं हलकेच टेकवा. जोरात दाबलंत तर लागायची नाही. काही निरोगी माणसांत ही नाडी मुळातच हाताला लागत नाही, तेव्हा सापडली नाही म्हणून घाबरू नका. घोट्याच्या आतल्या हाडामागे दुसरी असते, ती शोधा. दोन्हीही लागल्या नाहीत, आणि पाऊल शेजारच्या पावलापेक्षा गार असलं, तर उद्यावर टाकू नका.